मलिक अंबर : ऐंशी गिल्डरांना विकला गेलेला मुलगा

सुरतेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना १६६४ हे साल वेगळे सांगावे लागत नाही. गुजराती शेजाऱ्यांशी गप्पा मारताना कधी ना कधी शिवाजी महाराजांची सुरतेची स्वारी निघतेच, आणि मग आपल्यातला प्रत्येक जण इतिहासाचा प्राध्यापक होतो. पण त्या स्वारीच्या पंचावन्न वर्षे आधी, १६०९ साली, दख्खनमधून पन्नास हजार घोडेस्वार या मुलखात उतरले होते. सुरत आणि बडोद्याचा परिसर लुटून ते आले तसे झपाट्याने परत गेले. मोगलांनी त्याचा इतका धसका घेतला, की धरमपूरजवळच्या रामनगरच्या हद्दीवर पंचवीस हजारांची फौज चार वर्षे नुसती पहाऱ्याला बसवून ठेवली. ही स्वारी करणारा माणूस होता निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर. आणि हा कारभारी लहानपणी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला होता.

मलिक अंबरबद्दल आपण शाळेत दोन ओळी वाचल्या, गनिमी काव्याची आणि जमीन-महसुलाची. त्याला एकदा किंमत लावली गेली होती हे त्या दोन ओळींत नव्हते. आम्ही बँकेत आयुष्य काढलेली माणसे, त्यामुळे कोणतीही गोष्ट वाचताना आधी रकान्यात काय लिहिले आहे ते बघतो. या माणसाच्या आयुष्यात तो रकाना सापडतो, आणि तो सापडायला कारण झालेला गृहस्थ आपल्या सुरतेतलाच आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, आजच्या इथिओपियातला. त्याचे मूळ नाव चापू. त्या काळी तिथल्या डोंगराळ भागात ख्रिस्ती राज्य होते आणि किनाऱ्याच्या बाजूला मुसलमान सत्ता होत्या. दोघांच्या मधल्या आणि दक्षिणेकडच्या मुलखात जे ना ख्रिस्ती होते ना मुसलमान, अशा लोकांच्या वस्त्यांवर धाडी पडत आणि माणसे पकडून नेली जात. चापूला त्याच्या आईबापांनीच विकले असेही सांगितले जाते. दुष्काळात, कर्जात किंवा धाडीच्या भीतीने पोटचे पोर विकायची वेळ त्या मुलखात अनेकांवर येत असे.

पकडलेली माणसे, त्यातही मुले जास्त, तांड्यातून पायी समुद्राकडे नेत. वाटेत कितीतरी मरत. काही मुलग्यांचे खच्चीकरण केले जाई, कारण जनानखान्यावर नेमायला लागणाऱ्या खोजांना बाजारात भाव जास्त मिळे. त्या शस्त्रक्रियेत अनेक मुले दगावत, आणि व्यापारी ते नुकसान उरलेल्या मुलांच्या किमतीत भरून काढत. मुली घरकामासाठी आणि उपभोगासाठी विकल्या जात. हे लिहिताना हात अडखळतो, पण बाजार असाच चालत होता.

आता या मुलांच्या बदल्यात इथिओपियाला काय मिळत होते? मुख्यतः कापड. आणि ते कापड येत होते आपल्या या गुजरातमधून. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पोर्तुगिजांनी लिहून ठेवले आहे, की खंबायतचे कापड एडन आणि झैला या बंदरांवर उतरत असे आणि तिथून आतल्या मुलखात जाई. उलट दिशेने सोने, हस्तिदंत आणि गुलाम येत. आज रिंगरोडवरच्या बाजारातून साड्यांचे गठ्ठे देशभर जाताना बघतो तेव्हा अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाही हवा. पण त्या काळच्या गुजराती कापडाच्या काही गाठींचा हिशेब माणसांत चुकता होत होता, हेही आपल्या व्यापाराच्या इतिहासातले एक पान आहे. विणकराला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जहाजावर माल चढवणाऱ्याला मात्र ठाऊक असणारच.

चापू तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात विकला गेला. किंमत ऐंशी डच गिल्डर. तिथून तो बगदादला पोहोचला आणि एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी आला. या व्यापाऱ्याने त्याची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवले, मुसलमान केले आणि नाव दिले अंबर. अंबर म्हणजे समुद्रात सापडणारे सुगंधी द्रव्य, सोन्याच्या मोलाने विकले जाणारे. गुलामांची नावे पुष्कळदा अशीच असत: याकूत म्हणजे माणिक, मरजान म्हणजे पोवळे, काफूर म्हणजे कापूर. ऐकायला गोड वाटतात, पण ही सगळी दुकानातल्या मालाची नावे आहेत. मुलाचे आधीचे नाव, बापाचे नाव, कुळ आणि गाव, सगळे पुसून टाकायचे आणि त्या जागी एका मौल्यवान वस्तूचे नाव ठेवायचे, असा हा रिवाज होता.

व्यापाऱ्याने अंबरला शिकवले याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आम्हाला त्यात दयेबरोबर हिशेबही दिसतो. शिकलेला, हिशेब कळणारा, अरबी-फारसी येणारा गुलाम कितीतरी पटींनी महाग विकला जाई. कच्चा माल घेऊन त्यावर काम करून विकण्यासारखेच हे होते.

१५७० च्या सुमारास अंबर दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा चंगीझखान स्वतःच पूर्वीचा हबशी गुलाम होता आणि त्याने असे हजारभर हबशी गुलाम खरेदी केले होते. अहमदाबादला गेलेल्यांनी सिदी सैयदची जाळी पाहिली असेल. ती मशीद याच सुमाराची, १५७२-७३ ची, आणि ती बांधणारा सिदी सैयदही हबशीच. म्हणजे गुजरातच्या सुलतानांकडे काय आणि दख्खनच्या सुलतानांकडे काय, हबशी लोक तेव्हा दरबारात आणि फौजेत मोठ्या संख्येने होते.

सुलतानांनी इतका पैसा ओतून इतक्या लांबून माणसे का आणावीत? इथे माणसांचा तोटा नव्हता. कारण भरवशाचे होते. स्थानिक सरदाराला भाऊबंद असतात, वतन असते, सोयरे असतात, आणि उद्या तो सुलतानावरच उलटू शकतो. दरबारात एकीकडे दख्खनी आणि दुसरीकडे इराणहून आलेले परदेशी, यांची भांडणे अखंड चाललेली. अशा वेळी ज्याला या देशात कोणीच नाही, जो फक्त धन्याच्या घरचा आहे, असा सैनिक धन्याला सर्वांत सुरक्षित वाटे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्या माणसाचे एकटेपण हेच तारण होते. त्याला घरातून तोडले होते म्हणूनच त्याची किंमत होती.

मात्र एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर आपण चित्रपटात पाहिलेली अमेरिकेतल्या मळ्यांवरची गुलामी डोळ्यांपुढे येते. तिथे गुलामाचे मूलही गुलाम, आणि हातात फक्त कुदळ. दख्खनच्या लष्करी गुलामाच्या हाती तलवार आणि घोडा दिला जाई. धनी वारला की त्याला बहुधा मोकळे केले जाई, आणि त्याची मुले स्वतंत्र जन्मत. म्हणून हा साठा कधी आपोआप वाढत नसे. दर पिढीला पुन्हा आफ्रिकेत नवी मुले पकडावी लागत. व्यवस्था इथे थोडी सौम्य दिसते ती तिकडच्या गावांच्या जिवावर. आणि याच्या उलट उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या सुरत जिल्ह्यात हाळी पद्धत होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी दुबळा समाजातला शेतमजूर जमीनदाराच्या घरी जन्मभर राबायचा, आणि पुढे त्याच्या मुलाचीही तीच गत व्हायची. गुलामी न मानणारा कायदा हिंदुस्थानात १८४३ साली आला, पण हाळी हा कागदोपत्री कर्जदार, त्यामुळे तो त्या कायद्याबाहेरच राहिला. वेठबिगारी बंद करणारा कायदा व्हायला १९७६ उजाडले. कर्जाची नोंदवही माणसाला किती घट्ट बांधू शकते ते आमच्या पेशातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

चंगीझखान १५७५ च्या सुमारास विषप्रयोगाने मेला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा अंबर आता कोणाच्याही मालकीचा नव्हता, आणि त्याला आधारही कोणाचा नव्हता. त्याने लग्न केले. बायकोचे नाव करीमा. पुढची वीस वर्षे तो भाडोत्री शिपाईगिरी करत होता. काही काळ विजापूरकरांकडे राहिला, तिथे हाताखाली थोडी माणसे मिळाली आणि मलिक हा किताब मिळाला. पगार वेळेवर मिळेना म्हणून म्हणा किंवा विजापूरच्या दरबारात पुढे वाट दिसेना म्हणून म्हणा, १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराकडे दीडशे स्वारांचा नाईक झाला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दीडशे स्वार! या वयात आमच्यातले कितीतरी जण स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून बसले होते.

त्याच वर्षी मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबीबीची गोष्ट सर्वांना माहीत आहे, तेव्हा ती इथे सांगत नाही. १६०० च्या ऑगस्टमध्ये किल्ला पडला. राजा कैद झाला आणि निजामशाही संपली असे आग्र्याला सगळ्यांनी धरले. अंबरने मात्र वेढा फोडून बाहेर पडून आधी तीन हजार आणि मग सात हजार स्वार जमवले. राजघराण्यातला एक तरुण शोधून परांड्याच्या किल्ल्यात त्याला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार हाती घेतला. सव्वीस वर्षे तो कारभार त्याच्याच हाती राहिला.

मोगलांची फौज जगातल्या सर्वांत श्रीमंत फौजांपैकी एक. तिच्याशी लढायला अंबरकडे पैसा नव्हता. त्याने जे केले ते आपल्या ओळखीचे आहे. डोंगरी मुलखातली मराठी माणसे घोड्यावर बसवली. ज्याच्याकडे स्वतःचा घोडा तो शिलेदार, ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. तंबू नाहीत, तोफखाना नाही, बाजारबुणगे नाहीत. हलक्या फौजेचा रोजचा खर्च कमी, आणि शत्रूची रसद तोडली की शत्रूचा खर्च मात्र रोज वाढत जातो. मोगलांना रणात हरवण्यापेक्षा त्यांना मोहीम परवडेनाशी करणे हा त्याचा डाव होता. भोसले, जाधव आणि इतर कितीतरी मराठा घराणी याच धामधुमीत वर आली. शहाजीराजे अंबरच्या फौजेत लढायला शिकले, हे तर आपण जाणतोच.

१६०९ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत विल्यम फिंच नावाचा व्यापारी बसलेला होता. दख्खनहून येणाऱ्या बातम्या तो टिपून ठेवी. त्याने अंबरच्या फौजेत त्याच्याच जातीचे, म्हणजे हबशी, दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार असल्याचे लिहिले आहे, आणि अंबरचा उल्लेख करताना चापू हे नावही जोडले आहे. पुसलेले नाव चाळीस-पन्नास वर्षांनंतर सुरतेच्या वखारीपर्यंत पोहोचावे, हे आम्हाला फार विलक्षण वाटते. म्हणजे त्याने ते टाकून दिले नव्हते.

दोन वर्षांनी जहांगीरने गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान याला मोठी फौज देऊन या बाजूनेच दख्खनवर पाठवले. नाशिकवरून तो दौलताबादपर्यंत गेला. अंबरच्या स्वारांनी त्याला रात्रंदिवस इतके सतावले, की बागलाणातून जीव वाचवत तो गुजरातेत परतला.

आता १६१० मधली एक घटना. ही आम्हाला अंबरच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते. मुर्तजा निजामशाहाची थोरली राणी इराणी होती, गोरी आणि उच्च कुळातली. धाकटी अंबरची मुलगी. एकदा दोघींत भांडण झाले आणि थोरलीने धाकटीला ती गुलामाची पोर, केवळ रखेल आहे असे सुनावले, बापालाही नावे ठेवली. मुलीने बापाला सांगितले. अंबर तेव्हा राज्याचा सर्वेसर्वा, पन्नास हजारांचा सेनापती, वय साठीच्या पुढे, गुलामीतून सुटून पस्तीस वर्षे झालेली. तरी ते शब्द त्याला झोंबले. थोड्याच दिवसांत राजा आणि थोरली राणी दोघेही विषाने मेले, आणि अंबरने पाच वर्षांच्या राजपुत्राला गादीवर बसवले. यामागे राजकारण होतेच. मुर्तजाही डोईजड होऊ लागला होता. दोन माणसांच्या खुनाचे समर्थन आम्ही करणार नाही. पण कायद्याने मिळालेली मुक्ती आणि लोकांच्या मनातली मुक्ती यांत किती अंतर असते ते या एका भांडणात दिसते. त्याची मुलगी स्वतंत्र जन्मली होती, राणी झाली होती, तरी शिवी तीच.

हा सगळा तपशील आपल्यापर्यंत कसा आला? पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी १६१६ साली सुरतेला आला आणि त्याने इथे डच व्यापाराचा पाया घातला. पुढच्या वर्षी त्याची जहाजे सुरतेच्या दक्षिणेला किनाऱ्यावर फुटली. परतीला जहाज नाही, म्हणून हा गृहस्थ शंभरावर माणसे घेऊन सुरतेहून पायी निघाला, तो थेट पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणला पोहोचला. वाटेत दख्खनमध्ये अंबरच्या छावणीत तो त्याला भेटला. अंबर उंच, धिप्पाड, कडक चेहऱ्याचा होता. त्याच्या राज्यात चोराचिलटांची भीती नव्हती. दारू पिणाऱ्याला भयंकर शिक्षा होती. आणि हा माणूस मोखात ऐंशी गिल्डरांना विकला गेला होता, हे सगळे ब्रुकेने आपल्या रोजनिशीत नोंदवले. व्यापारी माणूस, किंमत विचारल्याशिवाय राहील कसा! हा ब्रुके आधी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करून आलेला होता, आणि नंतर १६२० पासून नऊ वर्षे सुरतेच्या डच वखारीचा मुख्य होता. त्याच वर्षांत त्याच्या कंपनीची जहाजे पूर्व किनाऱ्यावरून हिंदुस्थानी माणसे विकत घेऊन बटाव्हियाला नेत होती. हॉलंडला परतल्यावर तिथल्या फ्रान्स हाल्स या मोठ्या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. गालात हसणारा, विस्कटलेल्या केसांचा सुखी माणूस दिसतो.

अंबरचेही एक चित्र प्रसिद्ध आहे, पण ते वेगळ्या कारणाने. जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला असे, की आत्मचरित्रात त्याचे नाव शिवीशिवाय फारसे येत नाही. अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतले: भाल्यावर अंबरचे कापलेले मुंडके आणि जहांगीर त्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके जहांगीरला कधीच मिळाले नाही.

अंबरच्या महसूल पद्धतीबद्दल थोडे सविस्तर लिहिले नाही तर आमच्या जुन्या पेशाशी बेइमानी होईल. त्याच्या आधी वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून जमेल तेवढी उकळे. अंबरने मक्ते बंद केले. जमिनीची प्रत पाहिली, चांगली कोणती आणि हलकी कोणती ते ठरवले, प्रत्यक्ष पीक किती येते ते काही वर्षे बघितले, आणि साधारण दोन पंचमांश पीक सरकारचा हिस्सा ठरवला. पुढे धान्याऐवजी रोख घेऊ लागला तेव्हा तो एक तृतीयांशाच्या आसपास आला. पीक बुडाले तर वसुली कमी. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर टाकली, आणि मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क मानला. कर्ज देताना आम्ही आधी परतफेडीची ताकद बघायचो, तसेच हे. लढाईने उजाड झालेल्या मुलखातून त्याने दर वर्षी नवी फौज उभी केली ती या वसुलीच्या जोरावर. मलिकंबरी धारा हे नाव पुढे कितीतरी पिढ्या गावोगावच्या दप्तरांत राहिले.

ज्याला स्वतःच्या शरीरावर हक्क नव्हता त्याने शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क मान्य केला, असे भाषणात म्हणायला बरे वाटते. पण नोंद पूर्ण करायची तर दुसरी बाजूही लिहावी लागते. अंबरने गुलामांची खरेदी थांबवली नाही. हबशी मुले येतच राहिली, आणि त्याच्या फौजेच्या कण्यात तीच होती. ज्या बाजाराने त्याला विकले त्याच बाजाराचा तो मोठा गिऱ्हाईक झाला. त्याला आम्ही दोष देतो असे नाही. चंगीझखानानेही तेच केले होते, आणि त्या काळात राज्य चालवायची दुसरी रीत त्यांना दिसली नसावी. आणि आपण मराठी माणसांनी फार शहाणपण शिकवू नये. पेशव्यांच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदीच्या, विक्रीच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत. त्या बायकांपैकी कोणाचे चरित्र कोणी लिहिलेले नाही.

खडकीचे थोडक्यात सांगतो. १६१० च्या सुमारास त्याने खडकी गाव राजधानीसाठी निवडले, भडकल दरवाजा बांधला, जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी दिले. १६१६ मध्ये रोषणगावला हरल्यावर मोगलांनी हे शहर जाळले, त्याने पुन्हा उभे केले. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. ज्याने वसवले त्याचे नाव त्या नहरीला तेवढे राहिले आहे.

१६१७ मध्ये शहाजहानपुढे त्याला अहमदनगर सोडावे लागले. तीन वर्षांनी त्याने पुन्हा उठाव केला आणि त्याचे स्वार नर्मदा ओलांडून मांडूपर्यंत धडकले. १६२१ च्या तहात दख्खनच्या तिन्ही राज्यांवर मिळून पन्नास लाखांची खंडणी बसली. त्यात अंबरच्या वाट्याला सर्वांत कमी, बारा लाख. हरलेल्या पक्षाने अशी वाटणी करून घेणे म्हणजे बोलणी करणारा पक्का होता. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर दोघे मिळून त्याच्यावर चालून आले. अहमदनगरजवळ भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल केला, आणि दोन्ही फौजांचा धुव्वा उडवला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी या लढाईत पडले. तेव्हा अंबर पंचाहत्तरीत होता. मे १६२६ मध्ये तो गेला. तो गेल्यावर मोगलांच्याच एका इतिहासकाराने त्याच्या शौर्याची आणि कारभाराची मनापासून स्तुती केली. मुलगा फतहखान याला बापाचे काहीच जमले नाही. सात वर्षांत त्याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले, आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली.

गिऱ्हाईक गेल्यावर दख्खनमधली लष्करी गुलामांची मोठी खरेदीही आटली. मोगल अशा गुलामांवर फौज उभारत नसत. पण व्यापार पूर्ण थांबला नव्हता, आणि त्याचा एक दाखला सुरतेतच आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इथल्या सराईत इथिओपियाच्या राजाचे वकील उतरले होते. औरंगजेबाकडे जाण्यासाठी त्यांनी आणलेल्या नजराण्यात घोडे होते, हस्तिदंत होते, कस्तुरीसारखे सुगंधी द्रव्य होते, आणि पंचवीस निवडक गुलाम होते, त्यातली काही लहान मुले. वाटखर्चासाठी तीसेक मुलेमुली वेगळी दिली होती. ती मोखात विकून प्रवासाचे पैसे उभे करायचे होते. आज आपण प्रवासाला निघताना कार्ड बरोबर घेतो, तशी त्यांनी मुले बरोबर घेतली होती. नजराण्यातले अनेक गुलाम उपासमारीने आणि हवामानाने दिल्लीपर्यंत पोहोचलेच नाहीत. बर्निये या फ्रेंच वैद्याने हे सगळे लिहून ठेवले आहे. त्या स्वारीची इतकी वर्णने आपण वाचली आणि ऐकली, पण सराईतल्या या मुलांचा उल्लेख आम्हाला फार उशिरा सापडला.

जंजिऱ्याच्या सिद्दींनी पुढे मोगलांची आरमारी चाकरी धरली, तिचा खर्च सुरतेच्या महसुलातून भागत असे, आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर सुरतेचा किल्लाच काही वर्षे सिद्दींच्या ताब्यात होता. तो १७५९ मध्ये इंग्रजांनी घेतला. आता दुरुस्ती होऊन तिथे संग्रहालय झाले आहे. मुलांना घेऊन जरूर जावे.

वेरूळच्या सहलीला आपल्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले आहेत. खुलताबादला बस थांबते, लोक औरंगजेबाची कबर बघतात आणि निघतात. मलिक अंबरचा मकबरा तिथून जवळच, जर जरी जर बक्ष दर्ग्याच्या परिसरालगत आहे. घुमट काळ्या दगडाचा, साधा. शेजारी करीमाची कबर आहे. पुढच्या वेळी चालकाला अर्धा तास जास्त थांबायला सांगावे. आणि एवढे लांब जाणे जमत नसेल, तर अंकलेश्वरवरून झगडिया तालुक्यात रतनपूरला जावे. तिथल्या टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे, तो सिद्दी लोक सांभाळतात. त्या टेकड्यांत अकीक सापडतो. तो पूर्वी खंबायतला जाई, तिथे त्याचे मणी होत, आणि कापडाच्या गाठींबरोबर तेही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकायला जात.